एक्स-रे

मान लांब करून, पोट जमिनीला टेकवून
माणकुली खोकते.
वाटतं, आता केसांचा गोळा पडेल.
पडत काहीच नाही.
ओठ चाटते आणि माझ्याकडे बघते
जणू मीच खोकले.

चौदा वर्षांची आहे.
आधी मी धूप बंद केला,
मग डासांची कॉइल.
फिलोमेना म्हणाली, बांगड्याचा काटा असेल.
काटा तीन आठवडे राहतो?

डिचोलीच्या फुर्तादबाई डॉक्टर
नळी लावून किती वेळ ऐकतात.
दमा असेल, म्हणतात. फुप्फुसात जंत असतील.
या वयात गाठही असू शकते.
हृदय? मांजराचं हृदय सहसा खोकत नाही,
ते गप्प राहूनच बिघडतं.
घरात कुणी विडी ओढतं?

ओढायचा.
सहा वर्षं झाली.
खाणीवरचा ट्रक चालवून
तांबडा होऊन यायचा घरी,
आणि ही त्याच्या न धुतलेल्या सदऱ्यावर झोपायची.
त्याच्या खोकल्याला मी आलं-मध दिलं.
धुळीचा असेल, असं दोघांनीही ठरवलं;
धूळ काय, सगळ्या गावालाच आहे.

बाई फिल्म उजेडावर धरतात.
एवढीशी छाती,
बरगड्या उदबत्तीच्या काड्यांएवढ्या.
हे बघा, इथे, म्हणतात.
मी बघते. त्याची अशी
एकदाही बघितली नव्हती.

परतीच्या बसमध्ये
मांडीवरच्या पिशवीत ती खोकते.
कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबतो,
माझ्याकडे वाकून म्हणतो,
मावशी, पाणी देऊ?