अडणी

शेहेचाळीस साली दारूखान्यात तोफ आली,
अमेरिकन. चाकं गोदीतच कुणीतरी लांबवलेली.
नळी एवढी, की काट्यावर मावेना.
हसमुखशेठ म्हणाले, तुकडे करा, मग तोला.

बाबा गॅस कटर.
त्यांनी आधी आत हात घातला, खांद्यापर्यंत.
पिळाच्या खाचा धारदार, ग्रीस अजून ओलं.
"ही उडालीच नाही रे," इस्माईलला म्हणाले,
कोऱ्या भांड्याबद्दल बोलावं तसं.

चार दिवस कापत होते.
तोंडाशी कान नेला की
अख्ख्या रे रोडचे घण आत ऐकू यायचे,
आणि पलीकडं कुणी खोकलं तर तेही.

शेवटचं कडं शेठनं मजुरीत वळतं केलं.
आई म्हणाली, पैसे कुठायत?
मग त्याचीच अडणी केली, वर माठ.

कड्यावर आकडे होते: १९४४,
पुढचं घासलेलं.
वैशाखात माठ पाझरायचा,
पाणी आकड्यांत साचायचं,
मुंग्या तिथं प्यायला यायच्या.

खोली विकली त्या दिवशी
नव्या मालकानं फरशीवरचा गंजाचा गोल
ॲसिडनं घासून पाहिला.
मग म्हणाला, राहू दे,
वर फ्रिज येईल.