तीस सेकंदांचा थांबा

निळा आहे, हातभर लांब, आतून पोकळ,
वरून खरबरीत, डांबराचा तुकडा गुंडाळावा तसा.
ईश्वरीनं तो फुटबॉलच्या बॅगेतून काढला
आणि म्हणाली, "आई, झोप ह्याच्यावर."
मी किंमत विचारली.
ऐकूनच पोटरी आखडली.

एकोणीस वर्षं उभी आहे मी.
गगनबावड्याच्या गाडीत डावी मांडी
सीटच्या लोखंडी कडेला टेकवायची,
म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात,
एक तिकिटाच्या मशीनला, एक सुट्ट्यांना.
तीच मांडी आता रात्री दोनला उठून बसते,
माझ्याआधी.

तर टीव्हीपुढची फरशी.
कुशीवर वळून, कोपर टेकून,
मांडी त्या निळ्या नळकांड्यावर ठेवायची
आणि ढकलायचं. पुढं. मागं.
फुलेवाडी, बालिंगा, काही नाही.
कळे, जरा रवरव.
साळवणच्या अलीकडं मात्र
आई गं!

"तिथंच," ईश्वरी म्हणाली, "तिथंच थांब.
तीस सेकंद. श्वास सोड. दात खाऊ नकोस."

थांबायचं?
दुखऱ्या जागेवर मी कायम डबल बेल दिली.
चला, पुढं चला, आत सरका, जागा आहे.
एक घंटी फक्त दुसऱ्यांसाठी,
कुणाची म्हातारी, कुणाचं बोचकं, कुणाचं उलटी आलेलं पोर.

आबा तालमीत मालीश करायचे.
मंगळवार पेठेत चारदोन माणसं अजून म्हणतात,
हिंदुरावाचा अंगठा!
पैलवान दारातून आत येईपर्यंत
नुसत्या चालण्यावरून त्यांना कळायचं
गाठ कुठल्या बरगडीखाली बसलीय.
घरी यायचे तेव्हा बोटं तेलानं पांढुरकी,
भाकरी मोडायलासुद्धा वळायची नाहीत.

आणि आई कपिलतीर्थातून यायची,
दह्याच्या मडक्यांची पाटी उतरवायची,
मान एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं,
कट्ट,
आणि चुलीकडं.
त्या मानेला अंगठा कधी लागला नाही.
आबा वाईट नव्हते.
तिला मान आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
तिनंही नाही.

रोलर काही हात नाही.
चालण्यावरून त्याला काही ओळखता येत नाही.
माझंच वजन मला दाबतं,
तो नुसता मधे पडून असतो.
पहिल्या आठवड्यात मांडीवर जांभळा डाग उठला.
डेपोत कपडे बदलताना मालननं बघितलं,
आवाज खाली आणून म्हणाली, "कुणी मारलं गं?"
"मीच," म्हटलं.
तिला ते खरं वाटलं नाही.
ईश्वरी मात्र रागावली, एवढं जोरात नसतं, म्हणाली,
दुखलं की बरं होतं असं कुणी शिकवलं तुला?

आता रोज दहा मिनिटं.
भाजी परतून झाली की. कुकरची वाफ जाईपर्यंत.
कमी झालंय का? झालंय थोडं.
दोनचं तीनवर गेलंय.

परवा आई राहायला आली.
वय अठ्ठ्याहत्तर, खाली बसली की उठवायला दोघं लागतात.
ईश्वरीनं तिला भिंतीशी उभं केलं,
पाठ आणि भिंतीच्या मधे रोलर आडवा.
"मानेला नाही हं आज्जी, नुसती पाठ. गुडघे जरा वाकव."
आईनं लुगड्याचा पदर खोचला,
जरा खाली गेली, जरा वर आली,
आणि एका जागी थांबली.
तोंड थोडं उघडं.

मी मनात मोजत होते.
सव्वीस, सत्तावीस.
तीस झाले, चाळीस झाले,
मी काही घंटी दिली नाही.

डोळे मिटूनच म्हणाली,
"ह्येला त्याल लावायचं न्हाई व्हय?"