मेख

हत्तामध्ये रात्र काढायचे तीन प्रकार.
सुलक्षणानं शारजातल्या फ्रिजवर चिठ्ठी लावली होती आठवडाभर.
पहिला, डोंगराच्या पोटाशी काचेचे घुमट,
आत गादी, गीझर, वर तारे;
एका रात्रीचे पैसे म्हणजे
रेवतीच्या शाळेच्या बसचे दोन महिने.
दुसरा, चाकांवरची खोली,
जी आता कुठेच जात नाही.
तिसरा फुकट.
त्याच्यापुढे तिनं काही लिहिलं नव्हतं,
नुसतं एक प्रश्नचिन्ह, वाकडं, टोकदार.

आम्ही त्याच गळाला लागलो.

राष्ट्रीय दिनाची जोडून सुट्टी.
डिकीत वरच्या मजल्यावरच्या कुरियाकोसचा तंबू,
आठांपैकी सात खुंट्या,
कोळसा, भडंग, पाण्याचे दोन कॅन
आणि कुकर.
कुकरशिवाय सुलक्षणा कुठे मुक्कामाला जात नाही.

तळं दिसल्यावर रेवती म्हणाली, खोटं आहे.
इतक्या करड्या, सोललेल्या डोंगरात
इतकं हिरवं पाणी,
कुणी ठेवून विसरून गेल्यासारखं.
लाल-पिवळ्या होड्या, वल्ह्यांची खडखड,
फोटोसाठी उभे राहणारे पाठमोरे लोक.
मी आधी धरणाच्या भिंतीला हात लावला.
काँक्रीट दिसलं की हात जातोच;
एकोणीस वर्षं लॅबमध्ये ठोकळे फोडतोय,
कुठला किती भार सोसून फुटला
ते लिहितोय.
सुलक्षणा होडीत बसली नाही.
चपला हातात घेऊन काठावर उभी राहिली
आणि बराच वेळ
पाण्याकडे नाही, पाणी संपतं त्या रेघेकडे बघत होती.

ऊन उतरल्यावर गावाच्या पाठीमागे,
कोरड्या ओढ्याच्या उंच काठावर जागा धरली.
आणि मेख अशी, की मेखच शिरेना.
पहिली वाकली.
दुसरी उडून कुकरवर वाजली.
तिसरीला म्हटलं, "मेल्या, शिर की रे!"
रेवती हसत सुटली.
तिनं मला मालवणीत रागावलेलं
कधी ऐकलं नव्हतं.

खजुरीच्या बागेचा राखणदार,
दाद मोहम्मद नावाचा म्हातारा बलुची,
टॉर्च विझवून हे सगळं बघत होता म्हणे केव्हाचा.
"मेख नहीं, बाबू. इधर पत्थर बाँधो."
आणि त्यानं दगड निवडायला घेतले,
बाजारात कलिंगड घेतात तसे,
टिचकी मारून, उचलून, परत ठेवून.
कमरेचा एक दगड, कमरेला दोरी,
गाठ अशी की ओढली तर घट्ट,
ढकलली तर सुटते.
किती वर्षं इथे? मी विचारलं.
तो बोटं मोजायला लागला आणि
दुसऱ्या हातावर येऊन थांबला.
"छोड़ो."
खिचडी घेतली त्यानं, लोणचं नको म्हणाला,
जाताना रेवतीच्या ओंजळीत खजूर ओतले.

रात्री वारा सुटला.
कापड फुगायचं, दोऱ्या ताणायच्या,
आणि बाहेर दगड
किंचित सरकायचे. खर्र.
थांबायचे.
मी जागा होतो.
मार्चमध्ये करार संपतो, हे सुलक्षणाला सांगायचं होतं.
ती अंधारातच म्हणाली,
"माहितीये मला. झोप."
रेवती डोकं तंबूच्या बाहेर काढून झोपली होती,
कपाळावर गार वाळू.

सकाळी दोऱ्या सोडल्या.
दगड जिथले तिथे ठेवायचे, रेवतीचा हट्ट.
पण उजाडल्यावर सगळे सारखेच दिसतात,
कुठला कुठे होता, कुणाला आठवेना.
सातांची जागा आम्ही अंदाजानं ठरवली.
आठवा सुलक्षणानं काही न बोलता
कुकरमध्ये घातला, झाकण लावलं.

कुरियाकोसला तंबू परत दिला, वाकलेल्या खुंटीसकट.
चिठ्ठी अजून फ्रिजवर आहे.
दगड गॅलरीच्या दाराशी असतो,
वाऱ्यानं आपटू नये म्हणून.