दूरु

नंदगडच्या ठाण्यात बाकड्यावर बसले.
शिलाई मशीनचं डोकं चोरीला गेलेलं,
पाय तेवढे ठेवलेले घरात, पट्ट्यासकट.

हवालदार ईरण्णानं कागद पुढं ओढला.
"दूरु बरीबेकु."
दूर कुठं, म्हटलं, इथंच की,
बाजारपेठेच्या मागं, तेल्याच्या बोळात.
तो हसला नाही.
दूरु म्हणजे तक्रार, असं बाकड्यावरचाच
दुसरा कुणीतरी बोलला,
ज्याची म्हैस गेली होती.

"कळ्ळ यारु?"
मला वाटलं, कळलं का विचारतोय.
"कळलं नाही."
त्यानं लिहून घेतलं: चोर अनोळखी.
आता बघा, चुकून बरोबरच लिहिलं.

साक्षी मात्र दोन्हीकडं साक्षीच,
सहीपण सहीच.
तिथं आम्ही दोघं जरा मोकळे झालो,
चहा आला,
बशीत त्यानं मला अर्धा ओतला.

मग पेन खाली ठेवून, आवाज उतरवून,
आमच्याच बोलीत म्हणाला,
"कुणावर संशय हाय काय, अक्का?"

हा शब्द मला दोन्ही भाषांत येतो.
काल रात्री जेवायला वाढताना
आमच्या सातेरीच्या सदऱ्याला
मशीनच्या तेलाचा वास होता.

"कळलं नाही," मी म्हटलं.

ह्या वेळी त्यानं लिहून घेतलं नाही.