मोजे आणि माप

मोजे या शब्दात मोजणं आहे
हे मला कोणी शिकवलं नाही.
वेंगुर्ल्यात, दाभोसवाड्याच्या वळणावर माझं दार,
दारात बाकडं, बाकड्यावर टेप,
आणि आत या म्हणायच्या आधी मी म्हणते,
संध्याकाळी या.

सकाळचा पाय खोटं बोलतो.
दिवसभर उभा राहून तो भरतीला येतो,
घोट्याशी पाणी साचतं, पोटरी तटतटते.
खरं माप दिवे लागताना.

सत्यवती तांडेल बंदरावरून थेट आली,
टाचेला खवले चिकटलेले.
"दुकानातले माझ्या पोटरेर अडाकतत गो."
पोटरी अठरा, घोटा साडेनऊ.
मधल्या उतारावर दर चौथ्या ओळीला दोन खांब कमी केले,
निळ्या शिरा होत्या तिथं जाळी सोडलीच नाही,
झावळीसारखी दाट वीण घातली.
कुठं घालणार, मी विचारलं नव्हतं.
"चेडवाच्या लग्नात, लुगड्याच्या आत.
कोणाक दिसाचे नाय. माका म्हायत आसतला."

पुरसू मेस्त्री दशावतारात राणी होतो.
त्यानं आधी दार लावलं, मग लेंगा वर केला.
सायकल मारून कमावलेली पोटरी, वर केसांचं रान.
त्याला जाळी नाजूक हवी
आणि आतलं काही दिसायला नको.
सात साखळ्यांचं घर मी पाचावर आणलं.
जत्रेनंतर पहाटे आला तो तोंडावरच्या रंगासकट,
मोजा खिळ्याला अडकून गुडघ्यापर्यंत उसवलेला.
म्हणाला, देवानं साडी पुरवली,
मोज्याचं त्याच्या लक्षात नाही आलं.

आणि आव्हेलीन.
चर्चमधलं लग्न, गुडघ्यापर्यंतचा झगा, पांढरे मोजे.
उजवी पोटरी तेरा इंच, डावी सव्वासात.
लहानपणीच्या तापात तो पाय वाढायचा राहिला.
मी टेप दोनदा लावली.
ती खिडकीबाहेर बघत होती.

मी शहाणपण केलं.
डाव्याला दुहेरी दोरा, फुगीर टाके,
आतून चोरून कापसाचं अस्तर.
बाकड्यावर शेजारी ठेवले
तर कुठला कुठला, कळेना.
तीन आठवडे मी स्वतःवर खूश.

तिनं घातले. उभी राहिली. चार पावलं चालली.
मग खाली बसून डावा उतरवला,
घडी केली, माझ्या मांडीवर ठेवला.
"सुंदर आहे. पण हा कोणाचा पाय?"

त्या रात्री उसवत बसले.
क्रोशाचं एक बरं,
टोक सापडलं की सगळं येतं, भांडत नाही.
पण दोरा सरळ होत नाही.
ज्या टाक्यात राहिला त्याच्या वळ्या
अंगावर घेऊनच बाहेर पडतो.
सकाळी पेजेच्या वाफेवर धरला
तेव्हा कुठं ढिला पडला.
दिवसभर बोटांना उकड्या तांदळाचा वास.

उजव्याला पासष्ट साखळ्या होत्या.
डाव्याला छत्तीस घातल्या. बस्स.
फूल तेच, पाकळ्या जवळजवळ,
अरुंद वाफ्यात अबोली दाटते तशा.

लग्नात मी मागच्या बाकावर.
ती वेदीकडे गेली तिच्या चालीनं,
एक पाऊल ठाम, एक ओढतं,
आणि दोन्हीवर माझं फूल.
कोणी बघितलं असेल, नसेल.
मला फक्त टाचेची शिवण दिसत होती,
सरळ बसलीय का.

उरलेल्या दोऱ्याचा गुंडा खणात आहे,
सव्वापाच इंचांचा फरक.
त्याचं काही करावंसं वाटत नाही.

वहीत सगळ्यांचे पाय आहेत, माझ्या पायांचं पान कोरं.
कधी संध्याकाळी टेप घेऊन वाकते,
पण वाकलं की पोटरी बदलते.
ताठ उभं राहावं लागतं,
आणि टेप दुसऱ्या कोणी धरावी लागते.