तीनशे बार

बामेंडाच्या बाजारामागे पत्र्याच्या शेडमध्ये
आमचं यंत्र: पोलादी बरणी, माझ्या कमरेएवढी,
झाकणाला आठ बोल्ट.
आत सालीचा चुरा. त्याचा कडू बदामी वास
रविवारी चर्चमध्येही माझ्या केसांतून जात नाही.

मी कर्बवायू सोडते. काटा चढतो.
शंभर. दोनशे. तीनशे बार.
आता तो धड वायू राहत नाही,
धड पाणी होत नाही,
सालीच्या बारीक बारीक खोल्यांत शिरतो
आणि एकही दार न वाजवता
औषध घेऊन बाहेर येतो.
हाच तो, पानांनी जन्मभर प्यायलेला.
झाड त्याला ओळखत असेल का?

मंगळवारी बाबा उतरले किलुमच्या पहाडावरून,
केमिंग न्गेक, चाळीस वर्षं साल सोलणारे.
काट्याच्या काचेवर नख वाजवत म्हणाले,
"एवढा जोर कुणावर?"
"तुमच्याच पोत्यांवर."

त्यांचा नियम मला पाठ आहे.
पूर्वेची एक पट्टी, पश्चिमेची एक,
मधल्या दोन बाजूंना हात लावायचा नाही
आणि पुढची सात-आठ वर्षं
त्या झाडाकडे बघायचंसुद्धा नाही.
एका मोसमात डुआलाहून व्यापारी आले,
पोरांनी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत झाडं नागवी केली.
ट्रक वांबेंगकाकाचा होता.
बाबा त्याच्याशी अजून बोलत नाहीत.

झाकण उघडलं. उरलेला भुगा
त्यांनी चिमटीत घेतला, जिभेवर ठेवला.
"चुलीतली राख बरी," म्हणाले.
नळीच्या टोकाशी थेंब जमत होते, काळसर, दाट,
पिंपात बसून समुद्रापार जायचे
आणि तिथल्या म्हाताऱ्यांना
रात्रीची सलग झोप द्यायचे.

मुक्काम माझ्याकडेच.
दार वाजलं साडेअकराला. मग एकला.
मग दोन वाजून दहा मिनिटांनी.
कुंपणापाशी ते बराच वेळ उभे राहतात,
आणि थेंब, थांबून थेंब.
मी मोजत पडते. काटा बघायची सवय.

सकाळी, चोरून आणलेली कुपी पुढे केली.
त्यांनी ती उजेडात धरली, तिरपी केली, हसले.
"तीन पोती पाठीवरून उतरवली होती मी.
बाकीचं झाड कुठं गेलं?"
मग ओकूच्या पांढऱ्या मधात
एकच थेंब कालवून चाटला
आणि कुपी परत माझ्या मुठीत दाबली.
"वांबेंगला दे.
तोही उठत असेल रात्रीचा."