वडगावच्या कोपऱ्यातलं खोकं

सुट्टी पडली. तिकडे त्यांचं नवं वर्ष,
कारखाने पंधरा दिवस बंद,
आणि इकडे वडगावात रेशमाचा भाव चढलेला.
अप्पांना हे कॅलेंडर आधीपासून पाठ.
"तुझ्या चिन्यांचा सण आला," ते म्हणाले,
दारात, माझी बॅग घेता घेता,
जणू मीच बंद केलेत कारखाने.

पाच महिने झाले शांघायला जाऊन.
बाई म्हणाल्या, इथलं एक नाव घ्या.
तेजश्री उपरी त्यांच्या जिभेवर बसेना.
त्यांनी दिलेलं आडनाव लिहायचं डी-ए-आय,
ऐकू मात्र येतं ताई.
आता अठ्ठावीस जणांचा वर्ग, जर्मन, कोरियन,
एक घानाचा डॅनियल,
सगळे मला ताई म्हणतात.
धाकटा भाऊ फोनवर हसून हसून पडतो.
त्याने कधी म्हटलं नाही.

जड गेलं ते वेगळंच.
कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं,
लगेच खिशात घालायचं नाही, वाचायचं,
येत नसलं तरी वाचायचं.
खोलीतली लिन कुंद्याला दोनदा नको म्हणाली,
मी डबा झाकला.
तिसऱ्यांदा विचारायचं असतं
हे मला, शहापूरच्या आत्याकडे तीनदा नको म्हणून
चारदा वाढून घेतलेल्या मुलीला, सुचलं नाही.
आठवडाभर आम्ही दोघी त्या झाकणाकडे बघत होतो.

आणि विकणे, विकत घेणे.
एकच शब्द. माइ.
सूर खाली जाऊन वर आला की घेणे,
नुसता वरून पडला की विकणे.
पहिल्या परीक्षेत मी सगळा बाजार उलटा केला,
गिऱ्हाईक विकत बसलं, दुकानदार घेत.
सर म्हणाले, कान लाव.
कान लावला, तर ऐकू आले अप्पा,
रविवार पेठेच्या व्यापाऱ्याला
फोनवर साडीचा दर सांगताना,
वाक्याच्या शेवटी तो आवाज
पायरी चुकल्यासारखा.
मग नाही चुकले.

पुरवठा साखळीच्या तासाला पडद्यावर नकाशा,
कच्च्या रेशमाचे बाण, जाड, निळे.
एकाचं टोक बेळगावच्या आसपास टेकलेलं.
मी हात वर केला नाही.
टोकाला चार माग आहेत, त्यातला एक बंद,
हे कुठल्या चौकटीत भरायचं ते कळेना.

कोपऱ्यात अजून तेच खोकं,
अकरा वर्षांपूर्वी सुताबरोबर आलेलं.
आत गोधड्या, माझ्या मार्कलिस्ट,
महापालिकेची कन्नड पत्रं.
"ती तरी इराप्पा वाचून दाखवतोय," अप्पा म्हणायचे,
"ह्ये वरचं कोण वाचणार?"

मी वाचलं. गुडघे टेकून, बोट ठेवून,
पहिलीतल्यासारखं.
ही बाजू वर.
ओलीला घाबरतं.
आणि खाली चार अक्षरं: जपून, हळू ठेवा.
जपून म्हणजे त्यांच्यात लहान काळीज, मी सांगितलं.

आई भिंतीकडे बघत राहिली,
पावसाळ्यात पोपडे धरते नेमकी तीच भिंत.
"अकरा वर्षं भ्यालं की मग ते," म्हणाली
आणि एका बाजूने उचलायला वाकली.

अप्पा लगेच उठले नाहीत.
चष्मा पुसला.
"त्यातलं काळीज कुठलं?"
मी दाखवलं. एक वळण, तीन ठिपके.
"ह्या बाजूला तीन हायती," ते म्हणाले,
"मागल्या बाजूला दोनच.
छापताना चुकलंय त्यांचं.
मला पहिल्या दिवसापास्नं म्हाईत हाय."

मी खोकं फिरवून बघितलं.
दोनच होते.